क्लास चालू हाय

माझ्या आईचा आवाज माझ्याकडे नाही. फोटो आहेत, ढिगानं. बहिणीच्या पोराच्या वाढदिवसाचा एक व्हिडिओ आहे, त्यात ती कोपऱ्यात बसून टाळ्या वाजवते आणि फोन तिच्याकडे वळला की तोंडावर पदर धरते. फोनवर आम्ही कधी बोललोच नाही, कारण एकाच घरात राहत होतो. ती जाऊन पंधरा दिवस झाले तेव्हा एका दुपारी मला तिचा आवाज ऐकावासा वाटला, आणि तो कुठंच नाही हे माझ्या लक्षात आलं. खरं तर आमच्या घरात अडीच वर्षं रोज चार तास रेकॉर्डिंग चाललं होतं. त्यातल्या कितीतरी रेकॉर्डिंगांत आई होती. तिला मीच काढून टाकलं, माझ्या हातानं, एकेक करून.

आधी शाळेबद्दल सांगते, नाहीतर कुणाला पत्ता लागायचा नाही. ती शाळा मी कधी डोळ्यांनी पाहिली नाही. इथून पूर्वेला, दूर समुद्रकाठी, एका परक्या देशातल्या आडवळणी गावात एका कंपनीचं मोठं काम चालू होतं. त्या कामावर आलेल्या इंग्रजी बोलणाऱ्या कुटुंबांनी आपल्या पोरांसाठी एक छोटीशी इंटरनॅशनल स्कूल काढली होती. सगळे वर्ग मिळून चाळीस पोरंही नसतील. त्या गावात मास्तर टिकत नसत, म्हणून लहान वर्गांना पडद्यावरच्या मॅडम ठेवल्या होत्या. पोरं खरोखरच्या वर्गात बसायची, प्रत्येकासमोर एक लॅपटॉप, कानाला हेडफोन, पाठीमागं दूर एका खुर्चीवर एक मदतनीस बाई. माझ्या वर्गात सात पोरं. त्यांचे साडेआठ वाजायचे तेव्हा आमच्या जानेफळात सकाळचे सहा.

जानेफळात बसून मी परदेशातली शाळा शिकवते याचं गावाला भारी कौतुक. लाइट गेली की कोपऱ्यावरचा किराणावाला विचारायचा, "काय मॅडम, आज फॉरेन बंद हाय काय?" मी हसायची, पण मनातून जळायची. कारण शाळेला मी जानेफळ सांगितलंच नव्हतं. ज्या एजन्सीनं नोकरी मिळवून दिली तिनंच बजावलं होतं, गावाचं नाव घ्यायचं नाही, शहर म्हणायचं. पुढच्या खोलीत भिंतीला निळी चादर लावून मी बसायची, आणि पडद्यावर माझ्या मागं खोट्या पुस्तकांचं खोटं कपाट दिसायचं. इन्व्हर्टर होता, चांगलं नेट होतं. फक्त आई होती, तिचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

आई अंगणवाडीत मदतनीस होती. वडील लवकर गेले, त्या नोकरीवर तिनं आम्हा दोघी बहिणींना शिकवलं. पोरांना हाका मारून मारून तिचा आवाज असा झाला होता की ती चुलीपाशी "चहा झाला" म्हणाली तरी रस्त्यावरचा माणूस थबकायचा. सकाळी उठली की तिचं सगळं बोलत बोलत चालायचं. झाडताना केरसुणीशी बोलायची, कोंबड्यांना शिव्या द्यायची, शेजारच्या काकूला भिंतीवरून कालच्या भाजीचा हिशेब विचारायची. मग आंघोळ करून मोठ्यानं वंदना म्हणायची आणि मग परातीत भाकर थापायला बसायची. थप थप थप, सहा ते सात. नेमकी माझ्या वर्गाची वेळ.

आणि मी कशी, तेही सांगितलं पाहिजे. मी बी.एड.ला पुण्यात होते. पहिल्याच पाठाला माझ्या तोंडून 'मले' गेलं आणि अख्खा वर्ग हसला. सरही हसले. वाईट मनाचे नव्हते ते, सहज हसले, पण मला ते आजही ऐकू येतं. त्या दिवसापासून मी माझी बोली गिळली. आधी पुण्याची मराठी घोटली, मग इंग्रजी. इतकी घोटली की त्या परदेशी शाळेनं मुलाखतीतच मला घेतलं. घरी मात्र आईशी वऱ्हाडीच. दुसरं काही बोलले असते तर ती म्हणाली असती, "काय व, बिमार हायेस काय?"

त्या शाळेचा एक नियम होता. रोजचा अख्खा वर्ग रेकॉर्ड करायचा आणि आपल्या दुपारी बाराच्या आत पालकांच्या फोल्डरमध्ये टाकायचा. मधल्या सुट्टीतही रेकॉर्डिंग थांबवायचं नाही, कारण शाळेला एकच सलग फाइल हवी असे. आई-बाप कामावरून आले की आपलं पोर वर्गात काय करतं ते पाहत. नोकरी लागून महिना झाला असेल, एका पालकानं तक्रार केली. रेकॉर्डिंगात एक बाई ओरडत होती. ओरडत होती म्हणजे आमची आई कोंबडीला म्हणत होती, "हट, काऊन आली व तू घरात, लाज नाही वाटत तुले?" मुख्याध्यापिकेचं पत्र आलं. फार गोड पत्र. घरगुती आवाज आणि स्थानिक भाषा वर्गात येऊ नये, पालक इंग्रजी वातावरणासाठी मुलांना इथं पाठवतात, पुन्हा असं झालं तर विचार करावा लागेल. मी ते पत्र वाचलं आणि त्या पुण्याच्या वर्गात परत जाऊन उभी राहिले.

मग मी कापायला शिकले. वर्ग दहाला सुटला की कानाला हेडफोन लावून मी अख्खी फाइल ऐकायची आणि जिथं आईचा आवाज लागेल तिथून तिथपर्यंत काढून टाकायची. वंदनेचा एखादा सूर, थापण्याचा आवाज, खाकरणं, सगळं. दोन महिन्यांत हात असा बसला की कुठं कापलंय ते कुणाला ओळखू येईना. मला त्याचा अभिमान वाटायचा, खरंच सांगते.

आईलाही नियम लावले. सहा ते दहा भाकर नाही. ती पोळ्या लाटायला लागली. लाटण्याचाही आवाज यायला लागला तेव्हा ती पोळपाट घेऊन मागच्या ओट्यावर गेली. वंदना पाचला, तीही मनात. तरी विसरायची. साठ वर्षांचं तोंड ते, त्याला काय घड्याळ कळतं? विसरली की मी माईकवर हात ठेवून दबक्या, धारदार आवाजात म्हणायची, "माय, चूप बस ना. क्लास चालू हाय." आणि ती लगेच म्हणायची, "हाव व बाई. बसली मी." हात ठेवून माईक काही बंद होत नाही. दोन्ही वाक्यं सातही पोरांच्या कानात जायची, आणि मग साडेदहाला मी ती कापायची.

त्या सात पोरांत एक मुलगी होती, सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. ती बोलायची नाही. घरी बोलायची म्हणे, आईशी थोडं, वडिलांशी कमी, पण घराबाहेर कुणाशीच नाही. त्या शाळेत येऊन तिला वर्ष झालं होतं आणि तिथं एका माणसानंही तिचा आवाज ऐकला नव्हता. हजेरीला बाकीची पोरं 'येस' म्हणायची, ही हिरवं कार्ड वर धरायची. तिच्या फाइलीत लिहिलं होतं की तिच्यावर जबरदस्ती करू नये, आणि तिनं एक शब्द जरी उच्चारला तरी त्याच दिवशी शाळेला आणि आईला कळवावं. तिच्या आईचं मला दर शुक्रवारी एका ओळीचं पत्र यायचं. या आठवड्यात काही? आणि मी लिहायची, अजून नाही.

मधल्या सुट्टीत, आमच्या आठ वाजता, बाकीची पोरं बाहेर पळायची. ही तिथंच बसून डबा उघडायची आणि माझ्याकडे बघत खायची. मीही चहा घ्यायची. एक दिवस आई चहा ठेवायला आली आणि तिचा गोंदलेला हात पडद्यावर दिसला. मुलगी खायची थांबली. आईला तेवढं पुरे. ती सरळ वाकली आणि पडद्यात डोकं घातलं. "पाहू दे तं लेकरायचे तोंडं. हे कोन व? हिचे दात कुठी गेले?" मी तिला मागं ओढत होते. ती म्हणाली, "राह्य व जराशीक," आणि मुलीकडे बघून, हातानं घास तोंडात घालायची खूण करून मोठ्यानं विचारलं, "जेवली काय व माय तू?"

मुलीनं दाताच्या फटीत बोट घातलं आणि मान हलवली.

झालं, दुसऱ्या दिवसापासून हेच. आठ वाजले की आई ओट्यावरून यायची, पडद्यात डोकं घालायची, "जेवली काय व माय?" विचारायची आणि मुलीनं मान हलवली की खूश होऊन चहाचा रिकामा कप घेऊन जायची. मी कटकट करायची, पण सुट्टीचीच वेळ, वर्गात दुसरं कुणी नाही, आणि कापायला मी होतेच. आई म्हणायची, "बोलीन ती. पाहाय तू. अंगणवाडीत मुकं-मुकं म्हनलेले किती पोट्टे म्या बोलते केले." मी म्हणायची, हे परदेशातलं प्रकरण आहे माय, डॉक्टर लोक पाहून राह्यले. ती म्हणायची, "डॉक्टर तिले जेवली काय म्हून इचारते काय?"

दहाव्या की बाराव्या दिवशी आई नेहमीसारखं विचारून कप घेऊन वळली. ती दारापर्यंत पोचली असेल. माझ्या हेडफोनात एक आवाज आला. घोगरा, जाडसर, सर्दी झालेल्या पोरासारखा.

"हाव."

मी मुलीकडे पाहिलं. तिनं पुन्हा म्हटलं, "हाव," आणि सँडविचचा घास घेतला.

त्या क्षणी मला आनंद झाला असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मला घाम फुटला. वर्षभरानं पोरगी बोलली, ती इंग्रजीत नाही, पुण्याच्या मराठीतही नाही, तर 'हाव' म्हणाली. हे तिच्या आईला कळवायचं म्हणजे काय कळवायचं? ही भाषा कोणती, कुणाकडून शिकली, ही म्हातारी कोण, ती रोज पडद्यावर का येते, तुम्ही नक्की राहता कुठं? मुख्याध्यापिकेचं पत्र डोळ्यांसमोर आलं. पुण्याचा वर्ग आला. मागच्या खुर्चीवरची मदतनीस बाई फोनमध्ये मान घालून बसली होती, तिनं काही ऐकलं नव्हतं. म्हणजे तो शब्द फक्त मी ऐकला होता आणि रेकॉर्डिंगनं.

साडेदहाला मी तो कापला. आईच्या प्रश्नासकट, अगदी स्वच्छ.

संध्याकाळी आई शेंगा निवडत बसली होती. तिनं सहज विचारलं, "बोलली काय व ते पोरगी?"

मी म्हणाले, "नाही."

हे मी का केलं याचं उत्तर मला चांगलं माहीत आहे. तिला सांगितलं असतं तर ती नाचली असती, काकूला भिंतीवरून सांगितलं असतं आणि दुसऱ्या दिवशी सुट्टीच कशाला, सहालाच येऊन बसली असती. मला ते नको होतं. ती पाच दिवस विचारत राहिली, मुलगी पाच दिवस 'हाव' म्हणत राहिली, आणि मी पाच दिवस कापत राहिले. आईला हेडफोनमुळे ऐकू येत नव्हतं. मुलीच्या आईला माझ्यामुळे. शुक्रवारी एका ओळीचं पत्र आलं. या आठवड्यात काही? मी लिहिलं, अजून नाही.

सहाव्या दिवशी मी आईला सांगितलं की आता सुट्टीतही यायचं नाही, शाळेनं मना केलं. शाळेनं काही म्हटलं नव्हतं. आईनं हातातला रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "त्या लेकराले वाटीन, बुढी कुठी गेली." मी म्हणाले, लेकरांना काही वाटत नाही, विसरतात.

मुलगी विसरली नाही. दुसऱ्या दिवशी आठ वाजता तिनं डबा उघडला आणि वाट पाहिली. मग ती एका बाजूला वाकली, खूप वाकली, खुर्चीवरून पडेल इतकी. तिला वाटत असावं की लॅपटॉपच्या बाजूनं डोकावलं की माझं स्वयंपाकघर दिसेल. असं तिनं बरेच दिवस केलं. मी स्वतः तिला विचारून पाहिलं, इंग्रजीत, मग घाबरत घाबरत वऱ्हाडीत. ती माझ्या तोंडाकडे बघायची आणि हिरवं कार्ड वर धरायची. मार्चच्या शेवटी तिच्या आईनं मीटिंग घेतली. शांत बाई होती. म्हणाली, इथं वर्ष वाया गेलं, आम्ही परत आमच्या देशात जातोय, तिथं तिला दाखवू. मग म्हणाली, तुम्ही कधी तिचा आवाज ऐकला का, खरंखरं सांगा. मी खोट्या पुस्तकांच्या कपाटासमोर बसून म्हणाले, नाही, मला वाईट वाटतं.

मुलगी गेली. तिच्या जागी दुसरा मुलगा आला, बडबड्या. काम बिनबोभाट चालू लागलं, कारण आई आता विसरत नव्हती. अडीच वर्षांत ती एवढी शिकली की मला फारसं कापावं लागेना. सहा वाजता ती मागच्या ओट्यावर जाऊन बसायची ती दहाला यायची. पुढं पुढं दहा वाजले तरी बोलेना. काकू म्हणायची, तुझ्या मायले काय झालं व, पहिल्यासारखी गोठ करत नाही. मी म्हणायची, वय झालं. मला ती शांतता बरी वाटायची. घर किती शांत असतं आमचं, असं मी एका सहकारी मॅडमला लिहिलंही होतं.

ती गेली तो दिवस मंगळवार होता. दहाला वर्ग सुटला, मी फाइल ऐकली, कापण्यासारखं काहीच नव्हतं, ती फोल्डरला टाकली आणि चहासाठी हाक मारली. आई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. पदर ओला झाला होता घामानं. मेहकरच्या दवाखान्यात नेईपर्यंत ती माझ्याकडे बघत होती, पण बोलली नाही. डॉक्टर म्हणाले मोठा झटका होता, आधी आणलं असतं तरी सांगता आलं नसतं. ते माझं समाधान करत होते की खरं सांगत होते, मला माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी काकू माझ्याजवळ बसली आणि रडत म्हणाली, "सात वाजल्यापासून तिच्या छातीत दुखून राह्यलं होतं. म्या भितीवरून पाह्यलं. म्हनलं, पोरीले हाक मारू काय? तं मले हातानंच नाही म्हने. बारीक आवाजात म्हने, क्लास चालू हाय."

मी त्या दिवशी सातला काय शिकवत होते ते मला आठवतं. उड्या मारणारे प्राणी. बेडूक, ससा, कांगारू. खुर्चीवरून उठून मी स्वतः उड्या मारून दाखवल्या होत्या.

पंधरा दिवसांनी मी तिचा आवाज शोधायला बसले. अडीच वर्षांच्या फाइली, सगळ्या माझ्याकडे होत्या, कापलेल्या. मूळच्या मी रोजच्या रोज पुसत होते, लॅपटॉपवर जागा राहत नव्हती म्हणून. एखादी तरी जागा माझ्या हातून सुटली असेल, एखादं खाकरणं, एखादी थाप, या आशेवर मी दिवसचे दिवस ऐकत बसले. काही नाही. मी फार चांगलं काम केलं होतं. मग हळूहळू मला दुसरंच दिसायला लागलं. मी बोलता बोलता माझी मान एकदम डावीकडून सरळ होते. केसांची बट गालावर असते, पुढच्या क्षणी कानामागं असते. कप भरलेला असतो, लगेच रिकामा. जिथं अशी उडी असेल तिथं आई आहे. मग मी त्या उड्याच शोधायला लागले. एक सापडली की थांबायची, मागं न्यायची, पुन्हा लावायची. माझा चेहरा, उडी, माझा चेहरा. त्या मधल्या सांदीत ती बसलेली आहे आणि मला तिच्यापर्यंत जाता येत नाही. एका फाइलीत मधल्या सुट्टीत ती मुलगी डबा खाताना दिसते. अर्धं सँडविच हातात, उडी, हातात काही नाही. तिथं माझ्या आईचा प्रश्न होता आणि त्या लेकराचं उत्तर होतं.

नोकरी मी सोडली. शाळेनं छान प्रशस्तिपत्र दिलं. आता मेहकरला शिकवते, समोर बसलेल्या खऱ्या पोरांना. पण सकाळी सहा वाजले की घरात माझी चाल आपोआप हलकी होते. भांडं खाली ठेवताना मी अजूनही बोटानं टेकवते. कोण ऐकणार आहे, आता कुणाचा क्लास आहे? तरी ठेवते. कधी कधी मागच्या दारापाशी उभी राहून मी कान देते, आणि तिथं कुणीतरी मुद्दाम गप्प बसलंय असं मला वाटतं. रिकामं घर आणि गप्प बसलेलं घर यात फरक असतो, तो मला कळतो.

शेवटी मी त्या मुलीच्या आईला लिहिलं. सगळं. जानेफळ लिहिलं, कोंबड्या लिहिल्या, 'जेवली काय' लिहिलं, पाच दिवस लिहिले. तुमच्या मुलीचा पहिला शब्द मी तुमच्यापासून चोरला, असं लिहिलं. आणि शेवटी मागणं, कारण मी तशीच आहे, माफी मागतानाही पदर पसरते. त्या वर्गाचं काही तुमच्याकडे राहिलं असेल, मदतनीस बाईनं काढलेला एखादा व्हिडिओ, ज्यात मागून एका बाईचा आवाज येत असेल, तर मला पाठवा.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. तिनं लिहिलं होतं, तुमची आई गेल्याचं वाचून वाईट वाटलं. बाकीचं वाचून मला तुमचा राग आला आणि तो अजून आहे. ती आता बोलते. शाळेत कमी, पण बोलते. तुम्ही मागता तसं माझ्याकडे काही नाही. पण तुमच्या वर्गात असताना ती घरी बाहुल्यांशी एका भाषेत बोलायची. आम्हाला वाटलं तिनं स्वतःच बनवलेली भाषा आहे. डॉक्टरांना दाखवायला म्हणून मी एकदा दाराआडून चित्रण केलं होतं. ती भाषा कुणाची ते आता कळलं, तेव्हा तुमचं तुमच्याकडे पाठवते.

एक मिनिटही नाही ते. फरशीवर चार बाहुल्या ओळीनं बसवल्या आहेत, समोर एक वही उघडी उभी केली आहे, ती लॅपटॉप. मुलगी पाठमोरी आहे. तिच्या हातात पाचवी बाहुली आहे, कापडाची, तिच्या डोक्यावरून रुमाल घेतला आहे पदरासारखा. ती बाहुली ओळीत यायला बघते. मुलगी तिला उचलते आणि बुटांच्या रिकाम्या खोक्यामागं नेऊन ठेवते. मग दबक्या, धारदार आवाजात म्हणते, "माय, चूप बस ना. क्लास चालू हाय."

तो माझा आवाज आहे. शब्द तर माझे आहेतच, पण दात चावून 'चूप' म्हणायची ती रीत, 'ना'वर दिलेला तो झटका, सगळा मी. असं बोलत होते मी तिच्याशी. रोज.

मग मुलगी खोक्याच्या मागं वाकते. तिचा आवाज बदलतो, जाड होतो, सावकाश होतो. 'हाव'चा शेवट ती लांबवते, जशी फक्त माझी माय लांबवायची, कुणावर काही राग नसल्यासारखी.

"हाव व बाई. बसली मी."

मी ते किती वेळा लावलं ते सांगत नाही. मायचा आवाज मले सापडला, तो असा. त्यात ती फक्त एवढंच म्हणते. मुलगी पुन्हा ओळीपुढं येते, वहीसमोर बसते, आणि क्लिप तिथं संपते. बाहुली खोक्यामागं असते. नंतर तिनं तिला तिथून बाहेर काढलं का, हे मी त्या बाईंना विचारलेलं नाही.